एकच आवडतं गाणं: प्रकल्प नोंदी

2 जून

काम: एका ऐकणाऱ्याच्या संग्रहातून एक आवडतं गाणं निवडणं. संग्रहात 3,412 फाइली, एकूण लांबी सुमारे 312 तास, म्हणजे रात्रंदिवस लावून ठेवलं तरी 13 दिवस. अभंग, ध्रुपद, लावणी, कव्वाली, फंक, थ्रॅश मेटल, बोसा नोव्हा, व्हिडिओ गेमचं संगीत, सगळं एका फोल्डरात नांदतंय.

प्रत्येक गाण्याची प्रत्येकाशी गाठ घालायची तर 58 लाखांहून जास्त जोड्या होतात. म्हणून टप्प्याटप्प्याने चाळणी, आणि जोडीने तुलना फक्त शेवटी. दहापैकी गुण देण्याची पद्धत पहिल्याच दिवशी बाद केली. सोमवारचे 8 आणि शुक्रवारचे 8 एका मापाचे नसतात, आणि शंभरेक गाण्यांनंतर सगळे गुण 7 ते 8 मध्ये गोळा होतात. दोनांतलं एक उचलणं मात्र माणसाला बऱ्यापैकी जमतं. मानसशास्त्रज्ञ थर्स्टनने 1927 मध्ये तौलनिक निवडीचा नियम मांडला, त्याच्या बुडाशी हेच आहे.

आधी बॅकअप. मूळ फाइलींना हात लावायचा नाही, सगळी कापाकापी प्रतींवर.

3 जून

टॅग (फाइलीतच साठवलेली गाण्याची माहिती: नाव, गायक, प्रकार) तपासले. 290 फाइलींचा प्रकार 'ब्लूज' दिसतोय, त्यात कीर्तनंही आहेत. कारण साधं आहे. आयडी3 या टॅगच्या प्रमाण पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीत संगीतप्रकार एका बाइटमध्ये साठवला जातो आणि त्या यादीत 0 म्हणजे ब्लूज. बाइट कोणी भरलाच नाही आणि तो 0 राहिला, की गाणं आपोआप ब्लूज होतं. शिवाय त्या आवृत्तीत नावाला 30 बाइटच मिळतात आणि देवनागरीची सोय नाही, त्यामुळे जुन्या फाइलींची नावं प्रश्नचिन्हांची माळ झाली आहेत. सगळे टॅग 2.4 आवृत्तीत, यूटीएफ-8 या देवनागरी चालणाऱ्या लिपीसंकेतात नव्याने लिहिले. एका जुन्या प्लेअरला 2.4 वाचता येत नव्हतं, त्याच्यासाठी 2.3 आणि यूटीएफ-16.

प्रकाराचा रकाना पुढच्या कामातून काढून टाकला. प्रकारानुसार समान जागा वाटल्या तर मेटलमधलं पाचवं गाणं लावणीतल्या दुसऱ्याला हुसकावून आत येतं, आणि आवडतं गाणं शोधायचं सोडून आपण प्रतिनिधीमंडळ भरत बसतो.

5 जून

दुबार फाइली. बाइट न् बाइट सारख्या प्रती हॅश (फाइलीतल्या बाइटांवरून निघणारा ओळख-आकडा) काढून सापडल्या: 214. मग क्रोमाप्रिंट या सॉफ्टवेअरने ध्वनीचे ठसे काढले. एकच रेकॉर्डिंग वेगवेगळ्या बिटरेटमध्ये असेल तरी ठसा जवळजवळ तोच येतो. अशा आणखी 187 निघाल्या. इथे एक खड्डा आहे. ठसा घेणारं साधन सहसा सुरुवातीची 120 सेकंदंच वाचतं. नुसते ठसे ताडून पाहिले तर गाण्याची छोटी आणि लांबवलेली आवृत्ती एकच ठरू शकते. म्हणून लांबीत 5 सेकंदांहून जास्त फरक असेल तिथे हाताने तपासणी.

उरल्या 3,011. भाषणं, रिंगटोन, अल्बममधले संवादांचे तुकडे अशा 96 फाइली काढल्या. शिल्लक 2,915.

खरा वाद रचना आणि रेकॉर्डिंग यांचा. एकाच अभंगाची तीन रेकॉर्डिंग्ज असतील तर स्पर्धक किती, एक की तीन? तिन्ही ठेवली तर ती एकमेकांना मारतात आणि तुलना गाण्यापेक्षा गाणाऱ्यावर सरकते. नियम केला: एका रचनेची एकच प्रतिनिधी प्रत, ध्वनी सगळ्यांत स्वच्छ असेल ती. बाकीच्या 'भावंडं' नावाच्या फोल्डरात.

6 जून

किती वेळा वाजलं त्याचे आकडे वापरायचे का? नाही. नोंद ठेवणाऱ्या सेवांचा रूढ नियम असा: गाणं 30 सेकंदांहून मोठं हवं, आणि निम्मं किंवा 4 मिनिटं, यांतलं जे आधी पुरं होईल तितकं वाजलं की 1 नोंद. म्हणजे तीन मिनिटांचं गाणं दीड मिनिट ऐकलं तरी 1, आणि 40 मिनिटांचा विलंबित ख्याल संपूर्ण ऐकला तरी 1. त्यात झोपताना लावलेलं, आपोआप पुढे वाजत गेलेलं आणि घरातल्या दुसऱ्या कोणी लावलेलं मिसळलेलं असतं.

दुसरी अडचण खोलातली आहे. मानसशास्त्रज्ञ झायोन्कने 1968 मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी तिच्याबद्दलची ओढ वाढते. जास्त वाजलं म्हणून आवडलं की आवडलं म्हणून जास्त वाजलं, हे आकड्यांतून सुटत नाही. गेल्या 90 दिवसांत पहिल्यांदा ऐकलेली 41 गाणी याच कारणाने बाजूला ठेवली. नव्याची नवलाई हीदेखील खोटं माप देते, फक्त उलट्या दिशेने.

8 जून

पहिली चाळणी न ऐकता. उरलेल्या नावांची यादी, नावामागे 4 सेकंद, उत्तर हो किंवा नाही. सव्वातीन तास लागले, तीन बैठकांत. 'हो' मिळाले 418. नाव वाचून चाल आठवत नसेल तर ते सगळ्यांत आवडतं असण्याची शक्यता कमीच. मात्र वाद्यसंगीताचा या पद्धतीत तोटा होतो, रागाचं नाव वाचून नेमकं रेकॉर्डिंग आठवत नाही. त्यांच्यासाठी 10 सेकंदांचा तुकडा वाजवला.

दुसरी चाळणी: 418 गाण्यांची 30-30 सेकंदं. खूण 0 ते 3, आणि 3 देताना हात आखडता. 64 गाणी उरली. 64 हा आकडा मुद्दाम गाठला आहे, का ते 14 तारखेच्या नोंदीत.

10 जून

तुकडे कापणे. जोडीत प्रत्येकी 90 सेकंदं. सुरुवातीची 90 घेतली तर लांब प्रस्तावना असलेली गाणी तंबोऱ्यावर किंवा गिटारच्या गुरगुरण्यावरच संपतात. मुखडा-अंतरा असलेल्या गाण्यात मुखड्याची शेवटची 10 सेकंदं, पूर्ण अंतरा आणि मुखड्यावर परतणं, एवढं बसवलं. परतण्याची जागा तुकड्यात हवीच. समेवर येण्याआधी कापलं तर ऐकणारा अर्धवट राहिल्याचा राग गाण्यावर काढतो. ख्यालाचे तुकडे द्रुतातून घेतले, कारण विलंबितात 90 सेकंदांत एक आवर्तनही धड होईलच असं नाही. सुरुवातीला अर्ध्या सेकंदाचा चढ, शेवटी 2 सेकंदांचा उतार.

(हा ख्यालाचा निर्णय पुढे महागात पडला. पाहा 9 जुलै.)

11 जून

आवाजाची पातळी. या कामात सगळ्यांत जास्त निकाल इथेच बिघडतात, म्हणून जरा सविस्तर.

तेच गाणं डेसिबलभर मोठं वाजवलं तर ते 'मोठं' वाटत नाही, 'चांगलं' वाटतं. 64 तुकडे मोजले तेव्हा सगळ्यांत मोठा −7.1 लफ्स (आवाज कानाला किती मोठा वाटतो याचं एकक; शून्याच्या जितकं जवळ तितका मोठा) आणि सगळ्यांत हळू −26.4 निघाला. तसेच वाजवले असते तर ध्रुपदाचा निकाल ऐकण्याआधीच लागला असता.

मोजमाप आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या) बीएस.1770 पद्धतीने. त्यात आवाज 400 मिलिसेकंदांच्या खंडांत मोजतात, −70 च्या खालचे खंड सोडून देतात, आणि मग उरलेल्यांच्या सरासरीपेक्षा 10 एककांहून हळू असलेलेही सोडून देतात. ही दुसरी गाळणी महत्त्वाची. 26 मिनिटांच्या ख्यालाची पूर्ण फाइल मोजली तर हळू आलाप हिशोबातून गळू शकतो आणि पूर्ण फाइलचा आकडा 90 सेकंदांच्या तुकड्याला लागू पडत नाही. मोजायचा तो तुकडाच, कापल्यानंतर.

लक्ष्य आधी −18 ठेवलं होतं. मग −26.4 च्या तुकड्याला 8.4 डेसिबल वर उचलावं लागतं, आणि त्याचे कळस शून्याच्या, म्हणजे डिजिटल आवाजाच्या कमाल मर्यादेच्या, पार जाऊन फाटतात. म्हणून −23 घेतलं, युरोपीय प्रसारकांच्या आर128 मानकात आहे तेच. मोठे तुकडे खाली आणायचे आणि हवा तेवढा आवाज ॲम्प्लिफायरवर वाढवायचा.

एफएफएमपेग या ध्वनी-चित्र सॉफ्टवेअरचा आवाज समान करणारा लाउडनॉर्म फिल्टर एकाच फेरीत चालवू नये. त्या फेरीत तो आवाज सतत वर-खाली करत राहतो, आलापातली उतरंड सपाट होते. दोन फेऱ्यांत चालवला तरी कळसाची मर्यादा आड आली की तो गुपचूप पुन्हा तसाच वागू लागतो. वर नमुनादर 192 किलोहर्ट्झ करून ठेवतो, तो परत खाली आणायचा. सोपा मार्ग: ईबीयूआर128 फिल्टरने फक्त मोजायचं आणि फरक एका स्थिर आकड्याने संपूर्ण तुकड्याला लावायचा.

शेवटी ॲम्प्लिफायरच्या बटनावर चिकटपट्टीची खूण. आवाज हळू असला की कानाला खर्ज सगळ्यांत आधी कमी ऐकू येतो. एका बैठकीत हळू आणि दुसरीत मोठं लावलं तर फंक एक दिवस हरतं, दुसऱ्या दिवशी जिंकतं.

14 जून

स्पर्धेचा आराखडा. 64 गाण्यांच्या सगळ्या जोड्या 2,016. बाद पद्धतीत 63 सामन्यांत विजेता मिळतो, पण दुसऱ्या क्रमांकाचं गाणं पहिल्याच फेरीत विजेत्यासमोर आलं तर घरी जातं. मर्ज सॉर्टला (छोट्या क्रमवार याद्या जोडत मोठी यादी लावण्याच्या पद्धतीला) जास्तीत जास्त 321 तुलना लागतात, पण एक निर्णय चुकला की गाणं खोल गाडलं जातं आणि परत वर येत नाही.

स्विस पद्धत घेतली, बुद्धिबळात असते तशी: प्रत्येक फेरीत समान गुणांच्या गाण्यांची गाठ. 6 फेऱ्या, फेरीत 32 सामने, एकूण 192. आरंभी 64 असले की प्रत्येक गुणगटात जोड्या नेमक्या जुळतात. सहा फेऱ्यांनंतर 6 विजयांचं 1 गाणं, 5 विजयांची 6, 4 विजयांची 15, हे आधीच ठरलेलं असतं.

एका सामन्याला 90 + 90 सेकंदं आणि मध्ये 15 सेकंदांची शांतता, निर्णय धरून साडेतीन मिनिटं. एका बैठकीत जास्तीत जास्त 20 सामने. त्यानंतर निर्णय झटपट येऊ लागतात आणि सगळे ठेक्याच्या बाजूने झुकतात.

15 सेकंदांची शांतता चैनीची नाही. पहिल्या गाण्याचा षड्ज कानात असताना दुसरं अर्ध्या स्वराने वर सुरू झालं तर ते बेसूर भासतं. तंबोऱ्यासोबतचं गाणं ऐकून लगेच पियानो लावला तर त्याचा गंधार चढा लागतो आणि तो खरंच चढा असतो: षड्जापासून मोजलं तर स्वयंभू गंधार 386 सेंटवर (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), पियानोचा 400 वर.

16 ते 25 जून

192 सामने पूर्ण, 10 बैठका. नावं लपवली होती, फाइलींना 01 ते 64 क्रमांक. ओळखीच्या गाण्यांत हे आंधळेपण दोन सेकंदांत संपतं, उपयोग इतकाच की गायकाचं नाव आणि अल्बमचं चित्र डोळ्यांसमोर नसतं.

शेवटच्या 12 मध्ये 6 आणि 5 विजयांची 7 गाणी थेट. 4 विजयांच्या 15 मधून 5 निवडताना प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज पाहिली. बाराव्या आणि तेराव्यात एका गुणाचा फरक आहे, आणि तेराव्यावर अन्याय झाला असण्याची शक्यता भरपूर.

26 जून

नोंदवहीतून एक तपासणी: दुसऱ्यांदा वाजलेलं गाणं किती वेळा जिंकलं? 192 पैकी 113. क्रमाचा परिणाम नसता तर 96 च्या आसपास, नाणेफेकीच्या नशिबाने साधारण 14 इकडे-तिकडे. 17 ने जास्त म्हणजे मागून येणाऱ्याला झुकतं माप मिळतंय. अंतिम फेरीत प्रत्येक गाणं 11 पैकी 5 किंवा 6 वेळा पहिलं वाजेल अशी मांडणी केली. झुकाव तसाच राहतो, पण सगळ्यांना सारखा छळतो.

28 जून ते 1 जुलै

12 गाणी, सगळ्या 66 जोड्या, 4 बैठका. विजय असे: 9, 9, 8, 8, 7, 6, 5, 4, 4, 3, 2, 1.

वर्तुळं मोजली. अ ने ब ला हरवलं, ब ने क ला, आणि क ने अ ला, असं त्रिकूट म्हणजे एक वर्तुळ. कागदावर शोधत बसायला नको. एकूण त्रिकुटं 220. प्रत्येक गाण्याचे विजय घेऊन त्यांतून जितक्या जोड्या बनतात त्यांची बेरीज (9 विजयांच्या 36, 8 च्या 28, असं पुढे) वजा करायची. बेरीज 190, वर्तुळं 30. बारा गाण्यांत जास्तीत जास्त 70 होऊ शकतात आणि डोळे मिटून निवडलं तर सरासरी 55 येतात. केंडल आणि बॅबिंग्टन स्मिथ या संख्याशास्त्रज्ञांच्या 1940 च्या मापाने सुसंगती 0.57 (1 म्हणजे एकही वर्तुळ नाही). पासापुरती, पण अशी यादी कोणाला दाखवू नये.

इथे ईलो (बुद्धिबळपटूंच्या मानांकनाची पद्धत) किंवा ब्रॅडली-टेरी (जोड्यांच्या निकालांवरून ताकद काढणारं गणिती सूत्र) यांनी गुणांकन करण्याचा मोह होतो. दोन्ही पद्धती प्रत्येक गाण्याला एक आकडा देतात, आणि आकडे एका रेषेवर बसले की वर्तुळं दिसेनाशी होतात. शिवाय ईलोचा आकडा सामन्यांच्या क्रमाने बदलतो, आणि ब्रॅडली-टेरीत एकही सामना न हरलेल्या गाण्याची ताकद अनंताकडे पळते. तिला आवरायला सगळ्यांना अर्धा विजय आणि अर्धी हार कृत्रिम द्यावी लागते. 12 गाण्यांना विजयांची साधी मोजणी पुरते.

2 जुलै

30 वर्तुळांचं कारण नोंदवहीतल्या शेऱ्यांत सापडलं. एका जोडीपुढे 'गळा काय आहे', दुसरीपुढे 'पाय थांबत नाही', तिसरीपुढे 'हे थोरच'. प्रश्न दर सामन्याला बदलत होता. 'यांतलं आवडतं कोणतं?' या वाक्यात किमान चार प्रश्न आहेत: आत्ता पुन्हा ऐकावंसं कोणतं, एकच उरणार असेल तर कोणतं, दुसऱ्याला ऐकवावंसं कोणतं, आणि घडण कोणाची सरस. चौथा सगळ्यांत घातक. थोर गाण्याला हरवताना ऐकणाऱ्याला अपराधी वाटतं, आणि मग मान राखायला दिलेले विजय आवडीच्या खात्यात जमा होतात.

एक प्रश्न कागदावर लिहून समोर चिकटवला: 'संपलं की यांतलं कोणतं पुन्हा पहिल्यापासून लावावंसं वाटतं?'

4 ते 7 जुलै

तेच 66 सामने, वाजवण्याचा क्रम उलटा. विजय: 10, 10, 9, 8, 7, 6, 5, 4, 3, 2, 1, 1. वर्तुळं 10, सुसंगती 0.86. प्रश्न आणि क्रम दोन्ही एकदम बदलले ही चूक झाली; सुधारणा कशामुळे झाली हे आता वेगळं काढता येत नाही. बदल एका वेळी एक.

उरलेल्या 10 वर्तुळांतलं एक नेमकं माथ्यावर. 07 (फंक, 4 मिनिटं 12 सेकंदं) ने 31 ला हरवलं, 31 (अभंग, 6 मिनिटं 40) ने 58 ला, आणि 58 (ख्याल, 26 मिनिटं) ने 07 ला. फ्रेंच गणिती काँदोर्सेने 1785 मध्ये मतदारांच्या समूहात दाखवलेला पेच इथे एकाच डोक्यात बसलाय.

9 जुलै

तुकड्यांऐवजी पूर्ण गाणी. तीन जोड्या, दिवसाला 74 मिनिटं, 4 दिवस, क्रम रोज उलटा. (नोंद 13 ला पूर्ण केली.) 07 विरुद्ध 31: 2–2. 31 विरुद्ध 58: 4–0. 07 विरुद्ध 58: 3–1.

वर्तुळ तुटलं, पण 58 घसरल्याचं कारण तपासावं लागलं. त्याचा तुकडा द्रुतातला, म्हणजे चढत गेलेल्या गायकीचा कळस होता. बाकीच्यांना असा कळस कापून मिळाला नव्हता. दुसरं म्हणजे, 26 मिनिटांनी पोट भरल्यावर 'पुन्हा पहिल्यापासून' हा प्रश्नच गैरलागू होतो. कागदावरचा प्रश्न छोट्या गाण्यांच्या बाजूने होता. 10 मिनिटांवरच्या रचनांना वेगळा प्रश्न हवा, दुसऱ्या दिवशी विचारलेला: 'कालच्यातलं आज कोणतं लावायचं?' त्यासाठी तक्त्यात वेगळी ओळ केली, आणि 58 तिथे एकटंच आहे.

14 ते 23 जुलै

07 आणि 31 मध्ये आणखी सामने लावून उपयोग नाही. दोन्ही इतक्या वेळा वाजली आहेत की आता कंटाळा मोजला जाईल. उलट उपाय: दोन्ही फाइली प्लेअरमधून काढल्या, 10 दिवस. गुणगुणण्याच्या रेघा मारायचं ठरलं होतं, ते दुसऱ्या दिवशी सोडलं. फंकची गंमत बेस आणि ड्रमच्या मधल्या फटीत असते, ती तोंडाने निघत नाही. त्याऐवजी प्लेअरच्या शोधपेटीत काय टाइप केलं जातं ते पाहिलं.

24 जुलै

शोध: 07 साठी 2, 31 साठी 6. तक्त्यात 31 लिहिलं.

शोधाच्या नोंदीत आणखी एक गोष्ट निघाली. 'भावंडं' फोल्डर प्लेअरच्या इंडेक्समधून काढायचं राहिलं होतं. 31 च्या 6 शोधांपैकी 4 वेळा त्यातलं दुसरं रेकॉर्डिंग उघडून शेवटपर्यंत ऐकलं गेलं: मैफलीतलं, एका माइकवर घेतलेलं, खरखरीचं, 9 मिनिटांचं. स्वच्छ ध्वनीच्या नियमाने 5 जूनलाच बाहेर पडलेलं.

तक्ता दुरुस्त: 31-ब. तिसरं भावंड, 31-क, अजून एकदाही ऐकलेलं नाही. त्याची प्रत −23 वर आणून ठेवली आहे.